उबळणं गुगलला कळत नाही

लातूरला कृषी जैवतंत्रज्ञानाला ॲडमिशन झालं तेव्हा गावात सगळ्यात आधी विचारलेला प्रश्न म्हंजे, "बायोटेक? ते कोणतं औषध हाय गं?" प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता म्हणा. आमच्या सेलू तालुक्यातल्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात जाऊन उभं रहा, निम्म्या बाटल्यांवर कुठं ना कुठं बारीक अक्षरात बायोटेक लिहिलेलं असतंच, आत काय असतं ते देवाला माहीत. त्यामुळं मी चार वर्षं जे शिकले ते गावाच्या लेखी एक टॉनिक होतं, आणि डिग्री घेऊन परत आले तेव्हा एका काकांनी खरंच विचारलं की तुझ्याकडून घेतलं तर किती कमी लावशील.

आता मी घरीच असते, दादांसोबत शेती बघते आणि एका शेतकरी कंपनीचं थोडं ऑफिसचं काम करते. आणि गावाचं मोबाईलवर बघून सांगायचं काम, ते तर फुकटातच. कुणी पानाचा फोटो पाठवतं, कुणी अळीचा, कुणी रात्री दहा वाजता नुसता व्हॉइस मेसेज, "ताई, तूर उबळायली, काय मारू?"

हे उबळणं घ्या. मागल्या खरिपात आमच्याच खालच्या पट्टीत तूर उबळायला लागली, आज एक झाड मान टाकतंय, उद्या चार. मी सवयीनं गुगलवर तूर उबळणे उपाय असं टाकलं. मिळालं काय तर व्हिडिओ, एकापाठोपाठ एक, प्रत्येकात वेगळी बाटली आणि शेवटी नंबर खाली दिलाय. दादा शेजारी उभे, म्हणाले, "बग बरं, ह्यातला कोणता खरा?" आता काय सांगू. कारण गंमत अशी की उबळणं हा शब्द आपला, आणि तो एका रोगाचा शब्दच नाही. झाड उभ्या उभ्या वाळलं की आपण उबळलं म्हणतो. मग ते पाणी साचून मुळं गुदमरली म्हणून असो, फायटोप्थोरानं खोड सडलं म्हणून असो, की जमिनीतल्या फ्युजारियम बुरशीनं झाडाच्या पाणी वाहायच्या नळ्या बंद केल्या म्हणून असो. तिन्हीला आपला शब्द एक, इलाज तीन. पाणी साचलं असेल तर चर काढायचा, बाटली मारून काय होणार?

मग मी एक झाड उपटलं, खोड विळ्यानं उभं चिरलं, आत काळपट तपकिरी रेघ वरपर्यंत गेलेली. म्हंजे मर रोग, फ्युजारियम उडम. हे नाव टाकलं आणि एकदम दुसरंच जग उघडलं. आधी जिथं बाटल्यांची दुकानं होती तिथं आता संशोधन होतं, भारतातलंच, बरंचसं परभणी, बदनापूरचं आणि पाटणचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेचं. ही बुरशी जमिनीत वर्षानुवर्षं टिकते, उभ्या पिकात फवारून फार काही हाती लागत नाही, बियाण्याला ट्रायकोडर्मा ही उपकारी बुरशी लावणं, फेरपालट करणं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हंजे मर सहन करणारा वाण घेणं, बीएसएमआर ७३६ किंवा बीडीएन ७११ सारखा. म्हंजे त्या वर्षीचं नुकसान झालंच होतं, पण दुकानातले पैसे वाचले. दादांना एवढंच पटलं, आणि ते पुरेसं होतं.

त्या दिवशी मी एक वही केली. साधी शंभर पानी. मधे रेघ, डावीकडं दादा आणि आजी जे म्हणतात ते, उजवीकडं शास्त्रीय नाव. उन्नी समोर होलोट्रिकिया. आम्ही हुमणीला उन्नी म्हणतो, तिकडं नगरकडं हुमणीच म्हणतात, पण लॅटिन नाव टाकलं की दोघांचं सगळं एकत्र मिळतं. चक्रीभुंगा समोर ओबेरिऑप्सिस. तुरीच्या वांझ रोगासमोर किडीचं नाव नाही, विषाणू आहे, आणि तो पसरवणारा कोळी अॅसेरिया कॅजानी, ते पण लिहिलं. आजीच्या चिकट्यावर मात्र दोन दिवस गेले, कारण ज्वारीवर मावा पडून पानं चिकट होतात तोही चिकटा आणि कणसातून गोड चिकट थेंब गळतात तोही चिकटा, पहिला किडा, दुसरी अरगटची बुरशी. आणि माव्याचं बघायला गेले तर सगळ्यात जास्त आणि ताजी माहिती कुठली निघाली, तर टेक्सासची. तिकडं २०१३ मध्ये ज्वारीवर मावा एकदम आला आणि नुसती धूळधाण केली, मग त्यांच्या विद्यापीठांनी धडाधड काम केलं. तिकडं त्याला उसावरचा मावा म्हणतात, ज्वारीवर पडत असूनसुद्धा! आधी नाव मेलानाफिस सॅकॅराय होतं, पुढं सोर्घी केलं, त्यामुळं दोन्ही नावं टाकावी लागतात. नाव बदललं की जुनं ज्ञान एका कप्प्यात आणि नवं दुसऱ्या.

नंतर कळलं की माझ्या वहीसारखीच एक वही जगात आधीपासून आहे. अॅग्रोव्हॉक म्हणतात, युनोची अन्न आणि शेती संघटना म्हंजे एफएओ ती चालवते, १९८० च्या दशकापासून. शेतीतल्या एकेका गोष्टीला चाळीसच्या आसपास भाषांत काय म्हणतात ते एकमेकांना जोडून ठेवलंय, हिंदी पण आहे. त्यांचीच अॅग्रिस नावाची सूची आहे, एक कोटीच्या वर नोंदी, शेतीवर जगात कुठं काय छापून आलं त्याची. फुकट. अॅग्रिसमध्ये शोधायचं तर आधी अॅग्रोव्हॉकमधून नेमका शब्द उचलायचा आणि मग तिकडं टाकायचा, असं केलं की पसारा निम्मा कमी होतो. हे मला कॉलेजात शिकवलेलं असणार, तेव्हा मी बहुतेक डुलक्या घेत होते.

पण मला ह्या सगळ्याची चाड लागली ती २०१७ मुळं. मी पहिल्या वर्षाला होते. दिवाळीला घरी आले, त्यानंतर पंधरा-वीस दिवसांत आमचा कापूस डोळ्यासमोर गेला. बोंडं वरून हिरवीगार, कुठं काही दिसत नाही, आणि फोडलं की आत गुलाबी अळी, सरकी खाल्लेली, रुईची कवडी, म्हंजे किडकी गाठ, झालेली. वेचायला बाया यायला तयार नाहीत कारण कवडी वेचून दिवसाचं भरत नाही. दादांनी नुकसानीच्या तक्रारीचा तो जी फॉर्म भरला, रांगेत दोन दिवस काढले. आणि सगळीकडं एकच वाक्य, "ह्या वर्षी अचानक आली."

अचानक आली नव्हती हो. तेच मला पुढं लायब्ररीत बसून कळलं आणि लई राग आला. बीटी कापसाला भारतात परवानगी मिळाली मार्च २००२ मध्ये, एका जनुकाचा, क्राय वन एसी. २००६ मध्ये दोन जनुकांचा बीजी टू आला. गुजरातच्या अमरेलीतल्या गुलाबी बोंडअळ्यांना पहिलं जनुक बाधत नाही, हे २०११ मध्ये एका परदेशी जर्नलमध्ये छापून आलेलं होतं, लिहिणारे दिल्लीचे आपलेच शास्त्रज्ञ. २०१४-१५ च्या सुमारास गुजरातमध्ये बीजी टू मध्येही जिवंत अळ्या सापडायला लागल्या. आमच्या शेतात नुकसान झालं २०१७ ला. म्हंजे अमरेलीहून सेलूला यायला त्या बातमीला सहा वर्षं लागली आणि अळी बातमीच्या आधी पोचली!

आणि रेफ्युजीचं तर विचारूच नका. ४५० ग्रॅम बीटीच्या पिशवीसोबत १२० ग्रॅमची बिगर बीटीची पुडी यायची, ती कशासाठी हे आम्हाला कुणी नीट सांगितलंच नव्हतं. दादा ती पुडी बाजूला ठेवून द्यायचे, नांग्या, म्हंजे न उगवलेल्या जागा, भरायला. काही जण त्याऐवजी बांधानं तूर लावायचे. हिरव्या बोंडअळीसाठी तूर चालते, कारण ती तूरही खाते. पण गुलाबी बोंडअळीचं पोट कापसावरच, तिला तुरीचं काय? बिगर बीटीवर वाढलेले पतंग बीटीवर वाचलेल्या पतंगांशी मिसळावेत, म्हंजे पुढची पिढी बीटीला बळी पडेल अशी राहते, एवढंच त्या पुडीचं काम. अॅरिझोनातल्या शेतकऱ्यांनी ते केलं, नंतर वांझ पतंग विमानातून सोडले, आणि २०१८ मध्ये अमेरिकेनं जाहीर केलं की आमच्याकडची गुलाबी बोंडअळी संपली. तीच अळी, तेच जनुक. आपल्याकडं वर डिसेंबर गेला तरी पाणी देऊन फरदड, म्हंजे जुन्याच झाडांचा पुढचा बहर, घ्यायची, म्हंजे तिला बारा महिने जेवण. मी हे दादांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "पुडीवर मराठीत लिहायला काय झालतं त्याईला?" ह्याला माझ्याकडं अजून उत्तर नाही. आता एकरी दोन कामगंध सापळे, मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे, आम्ही लावतो, सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले की फवारणीचा विचार करतो, डोमकळ्या, म्हंजे अळी लागून न उमललेली फुलं, दिसल्या की तोडून टाकतो, आणि फरदड बंद म्हंजे बंद.

कॉलेजात होते तोवर वाचायची चैन होती. तेव्हा सेरा नावाची सोय होती, आयसीएआरनं म्हंजे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेनं सगळ्या कृषी विद्यापीठांसाठी मिळून जर्नल्स घेतली होती, विद्यापीठाच्या नेटवर्कवर बसलं की धडाधड उघडायची. पास झाले, गावी आले, तोच पेपर मोबाईलवर उघडला तर म्हणे तीस-चाळीस डॉलर भरा. एका पेपरला! एवढ्यात आमच्याकडं बाईची आठवड्याची खुरपणी निघते. मग हळूहळू आडवाटा कळल्या. आयसीएआरची स्वतःची जर्नल्स ऑनलाइन उघडी आहेत, पबमेड सेंट्रलवर बरंच पूर्ण मिळतं, इक्रिसॅटनं स्वतःचं भांडार खुलं ठेवलंय, आणि काहीच नाही जमलं तर पेपर लिहिणाऱ्याला दोन ओळींचा मेल टाकायचा. हे करायला मला आधी लाज वाटायची, पण आजवर पाठवलेल्या मेलांपैकी निम्म्याहून जास्त लोकांनी पीडीएफ पाठवली, एकानं तर उलट आमच्या जमिनीचं विचारलं.

पण माझं खरं प्रेम कृषिकोशावर. देशभरातल्या कृषी विद्यापीठांतल्या पोरांनी लिहिलेले प्रबंध तिथं ठेवलेत, परभणीचेसुद्धा. लोक प्रबंधाला नाकं मुरडतात, पदवीसाठी केलेलं काम म्हणून, आणि काही असतात तसेच, खोटं कशाला बोलू. पण त्यात प्रयोग आपल्याच काळ्या जमिनीवर, आपल्याच पावसात झालेला असतो, त्या वर्षी किती मिलिमीटर पडला ते आठवड्यागणिक लिहिलेलं असतं. मोठ्या जर्नलातल्या चार पानांत हे कुठं मिळणार. मी प्रबंध मागून पुढं वाचते, आधी शेवटचं सारांशाचं प्रकरण, मग जमीन आणि हवामानाचं, मग पटलं तरच मधलं. कधी कधी मागं आभारात गावाकडच्या आईबापांबद्दल चार ओळी असतात, त्या पण वाचते.

२०२२ च्या जुलैमध्ये लातूर, धाराशिव, बीडकडं गोगलगायींनी सोयाबीन फस्त केलं तेव्हा माझी मैत्रीण रडकुंडीला येऊन फोन करायली होती, कारण त्यांच्या शेजाऱ्यानं कुठंतरी बघून सगळ्या रानात मीठ फेकलं. मिठानं गोगलगाय मरते हे खरं, पण रान पण मरतं ना! मीठ बादलीतल्या पाण्यात टाकायचं, गोगलगायी वेचून त्यात टाकायच्या. ती ओळ अर्धीच ऐकली गेली. शंखी गोगलगाईचं जुनं नाव अकाटिना फुलिका, नवं लिसाकाटिना, कॅबी या आंतरराष्ट्रीय शेती संस्थेच्या संग्रहात तिचं पूर्ण खानदान फुकट वाचायला मिळतं, किती अंडी, कुठं लपते, काय खाते. पण मैत्रिणीच्या कामाला आलं ते शेवटी परभणी विद्यापीठाच्या मराठी सल्ल्यातलंच, की गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी रानात टाकायची, सकाळी खाली जमलेल्या वेचायच्या, बांधाला चुन्याचा पट्टा ओढायचा आणि मेटाल्डिहाइडच्या गोळ्या टाकल्या तर कोंबड्या-कुत्री लांब ठेवायची. तिकडचं वाचून कीड कळली, इकडचं वाचून काम झालं.

बियाण्याचं मात्र वेगळंच. एका दुकानात दादांना सांगितलं, बीजी फोर आलंय, आतल्या गोटातलं, बिल मिळणार नाही. दादांनी मला फोन लावला, दुकानदारासमोरच, हे विशेष. मी दोन मिनिटांत बघून सांगितलं की असलं काही भारतात मंजूर नाही. ऑस्ट्रेलियात बोलगार्ड थ्री लावतात, तीन जनुकांचं, आपल्याकडं तेही नाही, फोर कुठून येणार? जगात कोणत्या देशात कोणतं जीएम, म्हंजे जनुक बदललेलं, पीक मंजूर आहे त्याची यादी आयएसएएए नावाच्या संस्थेची आहे. ही संस्था जीएमच्या बाजूची आहे हे डोक्यात ठेवून वाचावं, पण यादी कामाची. दुसरं बघायचं तर कार्टाजेना या जीएमच्या सुरक्षेवरच्या आंतरराष्ट्रीय कराराखालचं बायोसेफ्टी क्लिअरिंग हाउस, २००३ पासून करार लागू आहे आणि तिथं सरकारं स्वतः माहिती देतात. आणि आपल्या जीईएसीच्या, म्हंजे जीएमची मंजुरी तपासणाऱ्या केंद्राच्या समितीच्या, मीटिंगची टिपणं वाचायला मिळतात, ती वाचायला मला तरी मजा येते, कोण काय म्हणालं, काय पुढं ढकललं. तणनाशक सहन करणारं ते एचटीबीटी, ज्याला लोक चोर बीटी म्हणतात, त्याला मंजुरी नसल्याचं तिथंच कळतं. तण काढायला मजूर मिळत नाही म्हणून लोक ते घेतात, हे मला समजतं, मी त्यांना शिव्या घालणार नाही. पण बिल नाही, म्हंजे उगवलं नाही तर तक्रार कुणाकडं नेणार?

सोयाबीनबद्दल तर दर साली कुणी ना कुणी विचारतंच, आपलं सोयाबीन जीएम आहे का. नाही. भारतात शेतात लावायला फक्त कापूस मंजूर आहे. बीटी वांगं फेब्रुवारी २०१० पासून थांबलेलं, मोहरीला ऑक्टोबर २०२२ मध्ये पर्यावरणीय सोडणुकीची, म्हंजे बाहेर उघड्यावर लावायची, शिफारस मिळाली आणि ती सुप्रीम कोर्टात अडकली. गोंधळ झाला तो ऑगस्ट २०२१ मध्ये, सरकारनं बारा लाख टन जीएम सोयापेंड बाहेरून आणायला परवानगी दिली आणि लातूरच्या बाजारात लोक हवालदिल झाले. पेंड म्हंजे तेल काढून उरलेला चोथा, ती उगवत नाही, तिच्यानं तुमच्या रानातलं सोयाबीन बाटत नाही. तिच्यानं भाव बाटतो. भीती वेगळ्या गोष्टीची होती आणि चर्चा वेगळीच चालली होती.

टिकाऊ शेतीवर अमेरिकेत ढीगभर माहिती आहे, तिथल्या राष्ट्रीय कृषी ग्रंथालयाची, अॅट्रा नावाच्या टिकाऊ शेतीच्या सल्लासेवेची, सोप्या इंग्रजीत, फुकट. आच्छादन, फेरपालट, मातीतला सेंद्रिय कर्ब, सगळं. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा भारावून गेले आणि दादांना म्हणाले आपण हिवाळ्यात हिरवळीचं झाकण पीक घेऊ. ते म्हणाले, "आणि पाणी कुठलं, तुझ्या अमेरिकेचं?" बरोबर होतं. तिकडचं बरंचसं ओलाव्याच्या हिशोबावर उभं आहे. त्यातलं कारण घ्यायचं, कृती नाही. कृती घ्यायची ती पोकरा या सरकारी शेती प्रकल्पातल्या गावांत लोकांनी रुंद वरंबा सरी आणि शून्य मशागतीवर काय केलं ते बघून, आणि शक्य असेल तर बसनं जाऊन.

आता एक रडगाणं. मराठीत माहिती नाही असं म्हणतात, ते खोटं आहे. आहे, भरपूर आहे, घडीपत्रिका, पुस्तिका, जुने सल्ले. पण त्यातल्या कित्येक पीडीएफ जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या, युनिकोडमध्ये नाहीत. डोळ्याला मराठी दिसतं, कॉपी केलं की कचरा येतो, मग गुगलला ते मराठी आहे हे कळणार कसं? काही तर कागद उलटा ठेवून स्कॅन केलेल्या, मोबाईल फिरवला की ते पण फिरतं! चांगल्या माणसानं चांगल्या मराठीत लिहिलेलं असं खोलीत कोंडून पडलंय आणि बाहेर बाटलीवाले माइक घेऊन उभे. आमच्या ग्रुपवर मी आता अशा पुस्तिकांमधली दोन-दोन पानं बघून टाइप करून टाकते, वेळ मिळेल तशी. औषधाचं नाव आलं तर आधी केंद्रीय कीटकनाशक मंडळाच्या यादीत त्या पिकावर लेबल क्लेम, म्हंजे वापरायची मंजुरी, आहे का बघते, कारण जुन्या पुस्तिकेतलं एखादं औषध मधल्या काळात बंद झालेलं असू शकतं. एआयला विचारलं तर तोही झोकात डोस सांगतो, पण तो पण मी यादीत बघितल्याशिवाय पुढं पाठवत नाही.

परवा दादा वही चाळायले होते. कापसाच्या लाल्या समोरची जागा रिकामी बघून म्हणाले, "हे राहिलंय." मी म्हणाले राहिलं नाही, तिथं लिहायला नाव नाहीच, लाल्या म्हंजे कीड पण नाही आणि बुरशी पण नाही. बोंडं भरायच्या वेळी झाडाला नत्र आणि मॅग्नेशियम कमी पडतं, रात्री गार पडायला लागतात, की पान लाल होतं, कधी तुडतुड्यांनी पण तसं दिसतं, त्यामुळं आधी पान उलटं करून बघायचं. ते म्हणाले, "म्हंजे आपुन इतकी वर्षं रोगाचं औषध मारायलोत ते?" मी काही बोलले नाही. त्यांनी चष्मा लावला, पेन घेतला आणि रिकाम्या जागेत स्वतःच्या अक्षरात लिहिलं, मॅग्नेशियम सल्फेट, आणि खाली, आधी तुडतुडे बगणे.